शुक्रवारचं पाणी

शरयू वैरागडेच्या नाकावर राग असतो, असं न्यू जर्सीतल्या एडिसन गावातली मराठी मंडळी म्हणायची. हे काही खरं नव्हतं. नाकावरचा राग एखाद्या शिंकेसरशी उडून तरी जातो. शरयूचा राग मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा होता, गादी पसरून बसलेला. दुकानदाराने जुने धणे दिले की राग, मंडळाच्या गणपतीत आरती घाईघाईत उरकली की राग, नवऱ्याने गाडी चुकीच्या लेनमध्ये घातली की राग. आणि गंमत अशी की दहापैकी नऊ वेळा बरोबर तीच असायची. धणे खरोखरच जुने निघायचे. त्यामुळे दहाव्या वेळी आपण चुकू शकतो, ही शक्यता तिच्या डोक्यातून साफ निघून गेली होती. ही गोष्ट त्या दहाव्या वेळेची, १९८५ सालच्या मार्च महिन्यातली.

शरयू मूळची चांद्याची. वडील हिवताप खात्यात निरीक्षक. जंगलाच्या कडेकडेने गावोगाव फिरून लोकांच्या बोटांतून रक्ताचे थेंब काढायचे आणि साठलेल्या पाण्यावर औषध फवारायचं, हे त्यांचं काम. दुसऱ्यांची गावं राखता राखता त्यांच्याच घरात हिवताप शिरला. शरयूचा धाकटा भाऊ एकनाथ सहा वर्षांचा होता. ताप मेंदूत गेला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर वडिलांनी घरात कोरडा दिवस सुरू केला. दर शुक्रवारी माठ, रांजण, घंगाळं, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं रिकामं करून पालथं घालायचं. शेजाऱ्यांचंसुद्धा. शेजारी कुरकुरले तर वडील त्यांच्या अंगणात उभे राहून ओरडायचे. शरयू तेव्हा नऊ वर्षांची होती. साठलेल्या पाण्यात मरण असतं आणि ते ओरडल्याशिवाय लोकांना कळत नाही, या दोन गोष्टी ती तेव्हाच शिकली.

पुढे नागपुरात प्राणिशास्त्र घेऊन ती बीएस्सी झाली, पहिल्या वर्गात. बहात्तर साली चारुदत्त वैरागडे या केमिकल इंजिनिअरशी लग्न होऊन न्यू जर्सीत आली. मुलगी पद्मजा शाळेत जायला लागल्यावर घरात बसून तिला भिंती खायला उठल्या. मग एक्याऐंशी साली, घरापासून अर्ध्या तासावरच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात तिला अर्धवेळ नोकरी मिळाली. तिथे मोठं काचघर होतं. आत उन्हाळा-हिवाळा सारखाच उकाडा, झाडांवरून पाणी ठिबकत असायचं. तिथले बेडूक सांभाळायचे, हे तिचं काम. डॉक्टर-इंजिनिअरांच्या बायकांमध्ये या नोकरीची भरपूर थट्टा झाली.

"शरयूताई, तुम्ही म्हणे बेडकं सांभाळता?" एकदा मंडळात कुणीतरी विचारलं.

"सांभाळते. मीटिंगमध्ये बसण्यापेक्षा बरं. ती एका वेळी एकच बोलतात."

हे बेडूक म्हणजे आपल्या विहिरीतले डराव डराव करणारे नव्हेत. पनामाच्या किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या ओल्या जंगलातले ते विषारी बेडूक. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा जीव, स्ट्रॉबेरीसारखा लाल, पायांना निळी झाक. त्यांचे थोरले पिवळे भाऊबंद आहेत, त्यांच्या पाठीवर शेजारच्या देशातले शिकारी बाणांची टोकं घासतात. हे धाकटे तेवढे जहाल नाहीत, पण एकदा तोंडात धरला तर पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून हे भर दिवसा उघड्यावर ऐटीत फिरतात. जंगलात मुंग्या आणि बारीक किडे खाऊन ते विष अंगात साठतं, काचघरात केळ्यावर वाढवलेल्या माश्या खाऊन साठत नाही, असं तेव्हा नुकतंच लोकांच्या ध्यानात येत होतं. चारुदत्त म्हणायचा, हिला मात्र काहीही खायला घाला, विष तेवढंच.

पहिल्याच दिवशी काचघरात शिरल्यावर शरयूच्या अंगावर काटा आला. जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर अननसाच्या जातीची झुडपं वाढतात, तशी तिथे ओळीने लावली होती. त्यांच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात घोटभर पाणी साठलेलं. वाटीएवढी शेकडो डबकी! तिने कुणाला काही विचारलं नाही. भिंतीवरची रबरी नळी ओढली आणि एकेक झुडूप तिरकं करून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सगळ्या बेचक्या धुऊन काढल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी काचघराचा कोरडा दिवस ठरला. डास आठवड्याभरात गेले. विभागप्रमुख हॉलोवे खूश झाला. असं स्वतःहून काम करणारं माणूस मला हवंच होतं, म्हणाला.

काचघरात तिच्या आधीपासून एक माणूस होता, ऑर्लँडो. पन्नाशी उलटलेला, काळासावळा, पनामाच्या त्याच बेटांवर जन्मलेला. केळी वाहणाऱ्या बोटीवर खलाशी म्हणून आला आणि इकडेच राहिला. शिक्षण चौथीपर्यंत. बोलायचा थोडं, पण शरयू नळी घेऊन उभी राहिली की त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा.

"बाई, झाडं धुऊ नका," एका शुक्रवारी तो म्हणाला. "आई पिल्लाला पाठीवर घेऊन झाडावर चढते. त्या पाण्यात ठेवते. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे."

"आणि डास कुठे अंडी घालतात ते तुमच्याकडे माहीत आहे का?" शरयू म्हणाली. "किती शिकलास तू? मी प्राणिशास्त्र शिकलेली आहे. बेडूक पाण्यात अंडी घालतो आणि विसरून जातो. पिल्लाला पाठीवर घेऊन फिरायला तो काय माणूस आहे?"

ऑर्लँडो आपल्या पेट्यांकडे वळला. पण तिथे एक रोजवही असायची. ज्याने जे पाहिलं ते त्याने लिहायचं, खाली सही करायची. दर शनिवारी हॉलोवे ती चाळून प्रत्येक पानावर आपल्या नावाची आद्याक्षरं टाकायचा, म्हणजे वाचलं असा अर्थ. बोलून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर ऑर्लँडोने मोठ्या कष्टाने चार ओळी लिहिल्या: लाल मादी पिल्लू पाठीवर घेऊन वर जाताना पाहिली. झाडांतलं पाणी काढू नये. शरयूने त्याखाली लाल शाईने लिहिलं: गावगप्पा इथे लिहू नयेत. शुक्रवारी धुणारच. शनिवारी हॉलोवेने त्या पानावर अक्षरं टाकली.

यानंतर जे झालं ते शरयूच्या रागाचं खरं काम. बेडूक अंडी घालत होते, खाली ओल्या पालापाचोळ्यात चार-पाच मण्यांसारखी अंडी दिसायची, दहा दिवसांत त्यातून पिल्लं बाहेर पडायची आणि गायब व्हायची. एकसुद्धा मोठं होत नव्हतं. कुणाची तरी चूक असणारच. शरयूने आधी नळाच्या पाण्याला दोष दिला, मग तापमानाच्या यंत्राला, आणि मग ऑर्लँडोला. तो बाहेर जाऊन सिगारेट ओढायचा आणि त्याच हातांनी बेडकांच्या पेट्या साफ करायचा. बेडकाची कातडी टीपकागदासारखी, तंबाखूचं विष शोषून घेणारच! दर सोमवारी सकाळी सगळ्या कर्मचाऱ्यांची बैठक असायची. ब्याऐंशीच्या ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी शरयू त्या बैठकीत उभी राहिली आणि चौदा माणसांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली की या माणसाच्या घाणेरड्या हातांनी माझी पिल्लं मरतायत. ऑर्लँडोने मान खाली घातली. त्याच आठवड्यात त्याला कायमचं तट्टांच्या तबेल्यात लीद उचलायला पाठवलं.

पिल्लं तरीही मेली. याचा अर्थ काय, हे शरयूने स्वतःला विचारायला हवं होतं. पण आपलं म्हणणं खरं करायची सवय लागली की माणूस पुरावा पुढ्यात आला तरी ताटातली मिरची बाजूला काढावी तसा काढून ठेवतो.

त्र्याऐंशी साली बेडूक कमी झाले म्हणून हॉलोवेने फ्लोरिडातल्या एका व्यापाऱ्याकडून चाळीस नवे मागवले. थेट जंगलातून पकडलेले. कागदपत्रं व्यवस्थित होती, शिक्के जागच्या जागी होते. खोका शरयूने उघडला. आत दह्याचे असतात तसे प्लॅस्टिकचे डबे, एकेका डब्यात चार-चार बेडूक, तळाशी वाळून गेलेलं शेवाळ. संध्याकाळपर्यंत सतरा मेले, रविवारपर्यंत एकोणतीस. लाल रंग मेल्यावर आधी विटतो आणि मग विटकरी होतो, हे तिने तेव्हा पाहिलं. ती तडक हॉलोवेच्या खोलीत गेली. "हा काय भाजीपाला आहे, सडला तर पुन्हा मागवायला?" ती ओरडली. तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती. हॉलोवेने खांदे उडवले. "इथे त्यांची पैदास होत नाही, मिसेस व्ही. झाली असती तर मला मागवावेच लागले नसते."

हे वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतलं. इथे एक पिल्लू जरी वाढलं तरी तिकडच्या जंगलातून ती खोकी येणं थांबेल. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. तिने पाणी गाळलं, दिवे बदलले, घरी बाथरूममध्ये बरण्या मांडून केळ्यावर माश्या वाढवल्या. "मॉम, धिस इज सो ग्रोस!" म्हणत पद्मजा दात घासायला स्वयंपाकघरात जाऊ लागली. आणि दर शुक्रवारी, न चुकता, शरयूने नळी घेऊन सगळी झाडं धुतली.

पंचाऐंशीच्या फेब्रुवारीत तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सुट्टीवर जाण्याआधी तिने पक्षी विभागातल्या डोरीनला दोन पानांच्या सूचना लिहून दिल्या, शुक्रवारच्या धुण्याखाली तीन रेघा मारून. साडेतीन आठवड्यांनी, एका सोमवारी, ती पोटावरचे टाके सांभाळत परत आली. काचघरात पाऊल टाकताच तिला कळलं की झाडांना कुणी हात लावलेला नाही. बेचक्यांत पानं कुजली होती, पाणी चहासारखं झालं होतं. डोरीन म्हणाली, "वेळच मिळाला नाही गं."

"वेळ नाही? कॉफी प्यायला मिळतो, तो कुठून मिळतो?" शरयूने तिला असं काही फैलावर घेतलं की शेजारच्या पिंजऱ्यातले पोपट गप्प झाले. शुक्रवारची वाट न बघता तिने नळी ओढली. पहिलं झुडूप धुतलं. दुसरं धुतलं. तिसऱ्यावर फवारा मारला तेव्हा त्याच्या बेचक्यात एक लाल मादी बसलेली दिसली. पाणी आलं की बेडूक टुणकन उडी मारतात. ही खाली घसरली आणि पुन्हा वर चढली. पुन्हा त्याच बेचक्याशी आली. शरयूने तोटी बंद केली.

मादी उलटी फिरली आणि मागच्या पायांनी सावकाश पाण्यात उतरली. शरयूने बॅटरी जवळ नेली. पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढं, शेपटीचं, काळं पिल्लू होतं. आई जवळ येताच ते ताठ झालं आणि अंगभर थरथरू लागलं, भूक लागलेलं तान्हं मूल पाय झाडतं तसं. मादी काही वेळ तशीच बसली, मग निघून गेली. तिच्या मागे पाण्यात दोन अंडी राहिली होती. पिल्लू त्यांना लुचायला लागलं. ती अंडी फलित नव्हतीच. तो घास होता. काही दिवसांनी ती पुन्हा येणार होती, प्रत्येक पिल्लाच्या प्रत्येक बेचक्यापाशी, ते मोठं होईपर्यंत.

शरयू वळली आणि जमिनीवर बसली. टाक्यांतून कळ गेली. पहिल्या दोन झुडपांचं पाणी वाळूतून वाहत मोरीकडे गेलं होतं. मोरीच्या जाळीला दोन पिल्लं चिकटली होती, दोन्ही मेलेली. तिने ती चमच्याने उचलून तळहातावर घेतली. मग बॅटरी घेऊन न धुतलेली झुडपं तपासली, तर त्यांत आणखी दोन पिल्लं जिवंत सापडली. साडेतीन वर्षांतले शुक्रवार तिला एकेक करून दिसायला लागले. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. पण आसपास डोरीनच होती, आणि डोरीनच्या आळशीपणामुळेच बाकीची तीन पिल्लं जिवंत राहिली होती.

त्याच दुपारी हॉलोवेची चिठ्ठी सगळ्यांच्या खणात पडली. जूनमध्ये रेनफॉरेस्टचं नवं दालन उघडणार, त्यासाठी चाळीस लाल बेडकांची मागणी पुढच्या सोमवारच्या बैठकीत सही होऊन जाणार.

रात्री जेवताना तिने चारुदत्तला सगळं सांगितलं.

"अगं मग सिंपल आहे यार," तो म्हणाला. "धुणं बंद कर. दोन महिन्यांत पिल्लं मोठी होतील, सगळे काँग्रॅच्युलेट करतील. आधी का होत नव्हती, हे कोणाला माहितेय?"

"मला माहितेय. आणि ऑर्लँडोला."

"त्याचं आता काय? तो तर रिटायर होतोय."

"आणि ऑर्डर? ती सोमवारी जाते. दोन महिने थांबायला ती चाळीस बेडकं माझी वाट बघत बसणार आहेत का? तिकडे माणसं पिशव्या घेऊन जंगलात शिरतील! आज तीन पिल्लं दाखवली तर हॉलोवे म्हणणार, योगायोग. आजवर एक का नाही जगलं ते सांगा. ते सांगायचं तर मीच मारली हे सांगावं लागेल, चारू!" तिने हातातली पोळी ताटात आपटली. चारुदत्तने पुढे सल्ला दिला नाही. तेरा वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता.

गुरुवारी ती ब्याऐंशी सालची रोजवही शोधून हॉलोवेकडे गेली. बेचक्यातली पिल्लं दाखवली. तो अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "छान. पण साडेतीन वर्षांत एकही नाही आणि आता तीन. यावर मी दालन कसं उघडू?" मग तिने वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. ऑर्लँडोच्या चार ओळी, खाली तिची लाल शाई. "त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दर शुक्रवारी मीच ती धुऊन मारली. आता धुणार नाही, म्हणजे जगतील. मागणी पाठवू नका."

हॉलोवेने पान वाचलं. आणि मग त्याची नजर पानाच्या तळाशी, त्याच्याच अक्षरांवर गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्याने वही मिटली आणि स्वतःकडे सरकवली.

"हे पाहा, झालं ते झालं," तो म्हणाला. "तुम्ही धुणं थांबवा. मागणी जाऊ दे, जूनला वेळ नाही. या पानाबद्दल बोलून तुमचं भलं होणार नाही."

"माझं की तुमचं? सही करता करता कधी वाचलंत तरी का?"

"मिसेस व्ही, आवाज खाली."

ती वही उचलून बाहेर पडली. आता एकच वाट उरली होती. सोमवारच्या बैठकीला संचालिका मिसेस प्रेस्टन स्वतः यायच्या. तिथे चारचौघांत बोलायचं, म्हणजे हॉलोवेला वही मिटता येणार नाही. पण त्याआधी तबेल्यात जाणं भाग होतं. अडीच वर्षांत ती त्या बाजूला फिरकली नव्हती.

ऑर्लँडो फावड्याने लीद ओढत होता. तिने दारात उभं राहून, एका दमात, सगळं सांगितलं. शेवटी सॉरी म्हणाली. तिला वाटलं होतं की तो हसेल. शांत माणूस आहे, बरं झालं कळलं म्हणेल, आणि आपल्या छातीवरचा दगड उतरेल.

ऑर्लँडोने फावडं भिंतीला टेकवलं.

"हॉलोवेला कुठे सांगितलंत? त्याच्या खोलीत?"

"हो."

"दार लावून?"

"हो. लावून."

"आणि माझ्याबद्दल कुठे सांगितलं होतंत? सोमवारी. चौदा माणसं होती. मी मोजली, कारण मला मान वर करता येत नव्हती, मी बूट मोजत होतो." त्याचा आवाज चढू लागला. तट्टं कान टवकारून मागे सरकली. "घाणेरडे हात म्हणालात! माझे हात! त्या बेटावर माझी आई आम्हाला झाडं हलवू देत नव्हती, वर कुणाची तरी मुलं झोपलीत म्हणायची. तुम्ही मला विचारलंत, किती शिकलास. माझी बायको विचारायची, तुझ्या अंगाला हा वास कसला, तू तर बेडकांकडे होतास ना? काय सांगणार होतो मी तिला? ती गेल्या वर्षी वारली. तिला वाटत राहिलं की मी खरंच काहीतरी केलं असणार. आणि तुम्ही आज येता, जेवणाच्या सुट्टीआधी, सॉरी म्हणून मोकळं व्हायला!"

शरयूकडे उत्तरं तयार होती. एकनाथ होता, वडील होते, चांद्याचा हिवताप होता. सगळं खरं होतं. तिने तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते न बोलता मिटलं. तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. त्याचा राग बरोबर होता. बरोबर असलेला राग समोरून अंगावर आला की कसा लागतो, हे तिला चाळिशीत कळलं.

"माझा सोमवार मला द्या," ऑर्लँडो शेवटी म्हणाला. "मग बाकीचं."

सोमवारी सकाळी बैठक भरली. हॉलोवेने नव्या दालनाचा नकाशा दाखवला, मागणीचा कागद मिसेस प्रेस्टनपुढे ठेवला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. शरयू उभी राहिली. दारापाशी ऑर्लँडो टोपी हातात घेऊन थांबला होता. तबेल्यातल्या माणसांना बैठकीला बसायची सक्ती नव्हती, तरी तो आला होता.

"सही करू नका," शरयू म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा लागला. "इथली सगळी पिल्लं मी मारली. साडेतीन वर्षं, दर शुक्रवारी, या हातांनी. झाडांतल्या पाण्यात ती वाढतात आणि मी ते पाणी ओतून देत होते. ऑर्लँडोने मला सांगितलं होतं. त्याने वहीत लिहिलं होतं. मी त्याला अडाणी म्हटलं. त्याचे हात घाणेरडे आहेत असं मी याच खोलीत म्हटलं, ते खोटं होतं. त्याचे हात स्वच्छ होते. माझी नळी घाणेरडी होती." तिने वही टेबलावर उघडून ठेवली. "मागच्या चाळीसपैकी एकोणतीस पहिल्याच आठवड्यात मेले. ते आणावे लागले कारण इथे पैदास होत नव्हती, आणि पैदास होत नव्हती कारण मी होऊ देत नव्हते. आता वर तीन पिल्लं आहेत. अकरा मोठे आहेत. धुतलं नाही तर दालन भरेल. जूनमध्ये नाही, पण भरेल. तोवर लोकांना अकरा दाखवा. पण आणखी आणायचे असतील तर या वेळी खोका तुम्ही उघडा."

मिसेस प्रेस्टननी वही ओढून घेतली. पान वाचलं, तळाची अक्षरं पाहिली आणि ते पान हॉलोवेसमोर फिरवलं. त्यांनी मागणीच्या कागदावर आडवी रेघ मारली. मग शरयूला म्हणाल्या की तुमच्या फाइलमध्ये हे नोंदवावं लागेल आणि तुमचे कामाचे दिवस तीनाचे दोन होतील. शरयू म्हणाली, नोंदवा.

"ऑर्लँडो," मिसेस प्रेस्टननी विचारलं, "काचघरात परत येशील का?"

"अडीच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर पळत आलो असतो," ऑर्लँडो म्हणाला. "आता जूनमध्ये मी निवृत्त होतोय."

बैठक पुढे सुरू झाली. शरयू जागेवर बसली आणि दाराकडे बघत राहिली. त्याने एकदा तरी मान हलवावी, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यासाठी ती काहीही द्यायला तयार होती. ऑर्लँडोने टोपी घातली आणि तिच्याकडे न बघता तो तट्टांना पाणी पाजायला निघून गेला.